टेपवरचं कुंकू

बाबा,

तुमच्या फोटोला हार घालायचं काम निखिलने माझ्यावर सोपवलंय आणि ते मला जमत नाही. हार हातात घेऊन स्टुलावर चढते, तुमच्या चष्म्याकडे नजर जाते आणि तशीच खाली उतरते. मग तुमची नात, रेवा घालते. घरी येणाऱ्यांना वाटतं, सुनेने सासऱ्यांचं फार मनाला लावून घेतलंय. दुःख आहेच. पण मी स्टुलावरून उतरते ती दुःखाने नाही. मला तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटते.

लग्नानंतर कितीतरी वर्षं आपण सणावारी भेटणारे सासरे आणि सून होतो. 'कशी आहेस', 'बरी आहे', 'निखिल वेळेवर जेवतो ना' एवढंच आपलं बोलणं. आई गेल्या आणि तुम्ही पुण्याचं घर बंद करून आमच्याकडे दिल्लीत द्वारकेला आलात, ते दोन बॅगा आणि एक ट्रक घेऊन. बॅगांमध्ये कपडे होते आणि ट्रकमध्ये आईंच्या वडिलांची गाडी. कोल्हापूरच्या त्या डॉक्टरांची, काळी, वाटोळ्या पाठीची, जागोजाग गंजलेली. तिचं नाव तुम्ही म्हातारी ठेवलं होतं. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये आमच्या जागेवर ती उभी राहिली आणि आठवड्याभरात सेक्रेटरी हजर. "अंकलजी, ये कबाड़ कब उठेगा?" तुम्ही तुमच्या पुणेरी हिंदीत म्हणालात, "बेटा, कबाड मैं हूँ, ये तो गाडी है." त्या दिवसापासून तो माणूस तुम्हाला लांबूनच नमस्कार करायचा.

मला तुमची खरी ओळख झाली ती त्या बेसमेंटमध्ये. आयुष्यभर तुम्ही विम्याचे सर्व्हेअर होतात. आपटलेल्या, उलटलेल्या, जळालेल्या गाड्या बघून नुकसान किती आणि कुणाच्या चुकीने, हे ठरवायचं तुमचं काम. तुम्ही सांगायचात की अपघाताच्या जागी प्रत्येकजण समोरच्याकडे बोट दाखवतो, पण लोखंडाला खोटं बोलता येत नाही. ते कुठून वाकलंय ते बघितलं की कुणी धडक दिली ते कळतं. मी तेव्हा हसून सोडून दिलं होतं. हल्ली ते वाक्य मला झोपू देत नाही.

सँडब्लास्टिंग हा शब्द तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलात तेव्हा मी भाजी चिरत होते. हवेच्या जोराने वाळूसारखी बारीक कच फेकायची, गंज आणि रंगाचे जुने थर उडवायचे, खाली कोरं लोखंड उरतं. "पण वाळूला डोळे नसतात, मुग्धा. गंज कुठला आणि जपायचं कुठलं, ते तिला आपण सांगायचं." सांगायचं म्हणजे झाकायचं. मग काय, आमच्या घरात लाकडी बुचं आली, सायकलच्या जुन्या ट्यूब आल्या, जाड टेपचे गठ्ठे आले. भोकांमध्ये बुचं, आट्यांमध्ये जुने बोल्ट, बेअरिंगच्या जागी ट्यूबचे तुकडे, त्यावर टेपचे थर. टेप लावण्याआधी जागा थिनरने पुसायची आणि चुकून बोट लागलं तर पुन्हा पुसायची. "बोटाचं तेलसुद्धा टेप सुटायला पुरतं," हे तुम्ही मला, निखिलला, रेवाला आणि एकदा गॅसवाल्यालाही ऐकवलंत.

सगळ्यात जास्त थर होते एका तळहाताएवढ्या जागेवर. म्हातारीची बॉडी उतरवून ठेवली होती आणि खालचा सांगाडा, म्हणजे चासी, लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. तिच्या उजव्या पट्टीवर गाडीचा नंबर ठोकलेला. दिल्लीत पंधरा वर्षांची गाडी रस्त्यावर दिसली की उचलून भंगारात नेतात. म्हातारी सत्तरी ओलांडलेली. तिला वाचवायचा एकच रस्ता, विंटेज म्हणून नोंदणी, आणि त्यासाठी कागदावरचा नंबर लोखंडावर दिसायला हवा. म्हणून तो नंबर तुम्ही असा गुंडाळला होतात की रेवा म्हणाली, "आजोबांनी गाडीला बँडेज बांधलंय." नोंदणी झाली की आपण सगळ्यांनी म्हातारीतून पानिपतला जायचं ठरलं होतं. "एकदा तरी मराठी माणूस पानिपतहून हसत परत यायला हवा," म्हणायचात.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला तुम्ही आपट्याची पानं शोधायला गेला होतात. दुसऱ्या दिवशी चासी मायापुरीला परमजीतच्या सँडब्लास्टिंगच्या वर्कशॉपमध्ये जायची होती, कारण थंडी आणि धूर सुरू झाला की असली कामं बंद पडतात. मी काही पूजाअर्चावाली बाई नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण आईंशिवायचा तुमचा तो पहिलाच दसरा होता आणि दोन दिवस तुम्ही धड जेवत नव्हता. म्हटलं, बाबा येईपर्यंत गाडीची पूजा करून ठेवावी, अगदी आई करायच्या तशी. आई गाडीच्या नंबरवर हळदकुंकू लावायच्या. "नंबर म्हणजे गाडीचं कपाळ" असं त्या म्हणायच्या, मी स्वतः ऐकलंय. आता चासीला कुठली नंबरप्लेट? नंबर होता तो टेपखाली. कपाळाला बँडेज आणि वर कुंकू, हे मला कसंतरीच वाटलं.

मी टेप काढली. अलगद, एकेक थर न फाडता. ओल्या हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. हात जोडले तेव्हा आईंची आठवण येऊन मला रडूही आलं. मग टेप जशी होती तशी परत लावली, तळहाताने दाबून दाबून, आणि वर झेंडूची माळ घातली.

तुम्ही आलात आणि माळ बघितलीत. मग म्हणालात, "हिला आवडलं असतं." टेपचं मी बोलले नाही. टेपला हात लावायचा नाही हा तुमचा नियम होता आणि त्या घटकेला मला बोलणी खायची नव्हती.

चासी गेली आणि चकचकीत होऊन आली. नंबरच्या जागी काही नव्हतं, नुसतं करडं लोखंड. पेन्सिलने काढलेला ठसा तुमच्याकडे होता, पण ठसा म्हणजे नंबर नव्हे, असं तपासणीवाल्याने सांगितलं आणि मान हलवली. त्याच दिवशी मी परमजीतला फोन करून असं काही सुनावलं की ऑफिसातल्या लोकांनी माना वळवून बघितलं. तुमच्या निष्काळजीपणामुळे एका म्हाताऱ्या माणसाचं स्वप्न गेलं वगैरे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. टेप आपण काढली होती हे आठवलं नाही का? आठवलं. मनात आलं आणि गेलं. मी तर घट्ट लावली होती, असं म्हणून मी मला सोडून दिलं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तुम्ही म्हणालात, "परमजीतला काही बोलू नका. चूक सर्व्हेअरची आहे. लावण्याआधी जागा पुसायला मी विसरलो." आणि निखिलच्या पानात वरण वाढत हसलात, "पानिपत इथेच झालं रे. पेट्रोल वाचलं."

त्या एका 'विसरलो'ने पुढचं सगळं घडवलं. थिनरने पुसल्याशिवाय टेप न लावणारा माणूस पुसायला विसरला म्हटल्यावर निखिल आणि मी एकमेकांकडे बघितलं. मग आम्हाला जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. दूध उतू गेलं होतं ते. चष्मा फ्रिजवर सापडला होता तो. माझा चष्मा आठवड्यातून एकदा फ्रिजवर सापडतो, पण माझ्या वयात त्याची अजून चेष्टाच होते. 'साठी, बुद्धी नाठी' असं मी तुमच्यासमोर म्हणाले होते, विनोद म्हणून. तुम्ही म्हणालात, "माझी तर पंच्याहत्तरी, म्हणजे नाठीच्याही पुढे गेली असेल."

ऑफिसात मी प्रोजेक्ट सांभाळते. तसा मी तुमचाही प्रोजेक्ट हातात घेतला. बाबांनी एकट्याने मायापुरीला जायचं नाही. फोनमध्ये तुम्ही कुठे आहात ते मला दिसेल अशी सोय. दुपारी सोबतीला अटेंडंट, जो तुमच्या शेजारी बसून मोबाइलवर कुस्त्या बघायचा. गॅसच्या वर भिंतीला मोठ्या अक्षरातला कागद, 'आजोबा, गॅस बंद करा'. हत्यारांच्या पेटीची किल्ली माझ्या पर्समध्ये. आणि मग विसराळूपणाच्या डॉक्टरकडे. तिथे तुम्हाला आजचा वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं. तुम्ही काढलंत आणि म्हणालात, "बरोबर आहे ना? किल्ली द्यायची राहिली असेल तर सांगा." डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. मी त्यातलं फक्त 'वयाच्या मानाने' ऐकलं.

या सगळ्यात तुम्ही एकदाही आवाज चढवला नाहीत. किल्ली मागताना "मुग्धा, जरा पेटी उघडतेस का?" असं विचारायचात. मला वाटायचं, बाबांनी स्वीकारलंय, बरं झालं.

गणपतीच्या आधीचा तो रविवार तुम्हाला आठवतो? तुम्ही डायनिंग टेबलावर डॅशबोर्डच्या पत्र्यावर जडलेली पितळी पाटी गुंडाळत होतात, म्हातारी बनवणाऱ्यांचं नाव कोरलेली. दुसरी खेप दसऱ्यानंतर जायची होती. तुमची बोटं थोडी थरथरत होती. मी टेपचं रीळ तुमच्या हातातून काढून घेतलं. "द्या बाबा, मी लावते. उगाच परत तसं व्हायला नको." रेवाच्या वहीला कव्हर घालावं तशी मी ती पाटी गुंडाळली. तुम्ही हात मांडीवर ठेवून बघत बसलात. झाल्यावर म्हणालात, "छान लागली."

मग हळूच म्हणालात, "या दसऱ्याला गाडीची पूजा मी करतो. चालेल?"

"तुम्ही कशाला, मी आहे ना. तुम्ही विसराल काहीतरी."

"नाही विसरणार. या वेळी मी करतो."

"बाबा, हट्ट करू नका हं." हे मी लहान मुलाला बोलावं तशा आवाजात बोलले होते. तुम्ही पत्रा उचललात आणि आत गेलात. आपला वाद असा अर्धाच राहिला.

गणपती गेले आणि पाठोपाठ तुम्ही. सकाळी चहा घेतलात, खुर्चीत बसलात आणि झालं. आलेल्या-गेलेल्यांशी बोलताना निखिल सांगायचा, "शेवटी शेवटी बाबांना विसर पडायला लागला होता," आणि शेजारी बसून मी मान हलवायची.

तेराव्यानंतर परमजीत आला. धिप्पाड माणूस, पगडीसकट दारात मावत नव्हता. तुमच्या फोटोसमोर हात जोडून उभा राहिला, चहाला नको म्हणाला आणि चपला घालता घालता थांबला.

"मैडम, एक बात दिल में है. उस दिन फोन पे आपने मुझे बहुत सुनाया था. मैं चुप रहा, क्योंकि अंकलजी ने कसम दी थी. अब वो नहीं रहे, तो मैं क्यों चोर बना रहूँ?"

मी म्हटलं, "कैसी कसम?"

"टेप नीचे पड़ी मिली थी, जी. चिपकने वाली साइड पे हल्दी, कुमकुम, चावल के दाने. मैंने अंकलजी को दिखाई, कि ये तो किसी ने अंदर पूजा कर रखी है. वो बड़ी देर देखते रहे. फिर हँस पड़े. बोले, बहू ने की होगी. मेरी मिसेज़ नंबर पे ही टीका लगाती थी, देखो, इसको याद रहा."

दुसरी चप्पल पायात सरकवत तो पुढे म्हणाला,

"मैंने पूछा, घर पे क्या बोलोगे? बोले, बोल दूँगा बुढ़ापा है."

तो गेला. मी तिथेच चपलांच्या स्टँडवर बसले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पुस्तकात वाचलं होतं. द्वारकेत सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला जमीनही लांब पडते.

बाबा, मला तुमचा राग आला, तोही सांगते. का नाही बोललात? त्या दिवशी टेबलावर ती टेप माझ्यासमोर आपटली असतीत, 'अगं, काय करून बसलीस' म्हणाला असतात, तर मी दोन दिवस फुगले असते, रडले असते आणि पुढे चालू लागले असते. कुणाच्या चुकीने नुकसान झालं ते सांगायचा तुम्हाला आयुष्यभर पगार मिळाला आणि घरातल्या एका अपघाताचा अहवाल तुम्ही खोटा दिलात. बरं, तेव्हा नाही तर नाही. पण मी डॉक्टरकडे नेलं तेव्हा? किल्ली पर्समध्ये टाकली तेव्हा? वर्षभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लात, आणि मारणारी मी.

मग विचार करते, तेव्हा बोलला असतात तर काय झालं असतं? ते स्वतःला सोडवण्यासाठी माझं नाव पुढे करणं झालं असतं. ते तुमच्याच्याने झालं नसतं. मलाही त्या वेळी खरं वाटलं नसतं. मी निखिलला म्हटलं असतं, बघ, आता बाबा दुसऱ्यावर ढकलायला लागले. अगदी हेच म्हटलं असतं. मी मला ओळखते.

त्या दुपारी मी बेसमेंटमध्ये तुमचं कपाट उघडलं. दुसऱ्या खेपेचे भाग ओळीने ठेवले होते, सगळे गुंडाळून तयार. पितळी पाटीसुद्धा. माझी टेप तुम्ही काढली नव्हती. तिच्यावरून तुमची लावली होती, कडा घट्ट, एकही सुरकुती नाही. आणि प्रत्येक गाठोड्यावर, टेपच्या बाहेरच्या बाजूला, हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट होतं. आईंचा करंडा त्याच फळीवर होता, झाकण नीट लावलेला.

'या वेळी मी करतो.' म्हणजे हे करायचं होतं तुम्हाला. पूजा आधीच झालेली असली की सून टेप उघडणार नाही. मला न दुखवता, एक शब्द न बोलता. आणि त्यावर मी काय म्हणाले होते? हट्ट करू नका.

मी तिथे, त्या कपाटासमोर, खूप रडले. सेक्रेटरी येऊन परत गेला. त्या दिवशी काही कबाड वगैरे म्हणाला नाही.

या वर्षी घरात सण नाही. दसऱ्याला ना तोरण, ना झेंडू. दुसऱ्या दिवशी मी स्वतः सगळी गाठोडी घेऊन मायापुरीला गेले. एकाही टेपला हात लावला नाही. परमजीतला म्हटलं, भाईसाहब, माफ करना. तो म्हणाला, "छोड़ो जी, चाय पियो." मी बसून तो चहा प्यायले.

भाग काल परत आले. रेवाला घेऊन मी बेसमेंटमध्ये उघडायला बसले. वरचं हळदकुंकू वाळूने उडून गेलं होतं, टेप पांढरीफटक झाली होती, पण एकही कड सुटली नव्हती. आतून पाटी निघाली, पिवळीधमक, अक्षर न् अक्षर वाचता येणारी. रेवा म्हणाली, "आजोबांची टेप किती परफेक्ट होती!" मी पाटी तिच्या हातात दिली. 

रात्रीच्या जेवणाला मी दोघांना सांगितलं. सगळं, मायापुरीचं आणि त्याआधीच्या दसऱ्याचंही. निखिलने हातातला पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "मी बाबांना म्हटलं होतं यार, पत्ता लिहिलेलं कार्ड खिशात ठेवत जा," एवढंच बोलला आणि उठून गेला. माझ्यावर तो चिडलाय का, माहीत नाही. चिडला असेल तर चिडू दे. रेवा स्वयंपाकघरात गेली आणि गॅसवरचा तो कागद काढून आणला. भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग राहिलेत. मी घासले, निघाले नाहीत.

चासीवर नंबर पुन्हा ठोकून घ्यायचा अर्ज निखिलने केलाय. कधी होईल, होईल की नाही, सांगता येत नाही. झालाच तर पानिपतला जाऊ. मी मागे बसेन.

आता ज्यांच्या ज्यांच्यासमोर मी मान हलवली होती, त्यांना एकेकाला फोन करते आहे. पुण्याच्या काकूंना केला, खालच्या मजल्यावरच्या जोशींना सांगितलं. लोक 'असू दे गं, आता काय त्याचं' म्हणतात. त्यांना नसेल, मला आहे. तुमचा खोटा अहवाल मला दुरुस्त करायचाय, म्हणून शेवटी तुमच्याच पद्धतीने लिहिते, नुकसानीचं कारण तेवढं.

जागा पुसलेली होती. टेप बरोबर लागली होती. ती मी काढली.

तुमची,
मुग्धा